मुलगी दुसरीत, घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची: दिवाळीपर्यंत घरी काय करून घ्यावं?

वडोदऱ्यात जून ते दिवाळी हे पहिलं सत्र. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या वाचन-गणित मोहिमेचं उद्दिष्ट दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं हे आहे. म्हणून रोज दहा मिनिटं गुजराती मोठ्यानं वाचून घ्या. अडली की लगेच सांगू नका, अक्षर लावू द्या.

खरी गडबड लिहिताना होते. गुजरातीत शिरोरेषा नाही. शिवाय गुजराती र (ર) आणि २ (૨), प (પ) आणि ५ (૫) जवळजवळ सारखेच दिसतात. अंक चौकटीच्या वहीत, अक्षरं रेघांच्या वहीत, असं वेगळंच लिहून घ्या. पाढे शाळेच्याच भाषेत, नाहीतर ‘एकोणतीस’ की ‘ओगणत्रीस’ यातच गाडी अडते.

केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. रोज पानंच्या पानं येत असतील तर शिक्षिकेशी जरूर बोला.