पाकिटं पुरू नका, ताई

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमच्या घरी पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय आहे. पावसात दोन रात्री लाइट नव्हती. नंतर त्याच फ्रीजरमधलं फ्रोझन चिकन जेवलेल्या चौघांना जुलाब झाले. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी बंद पाकिटाचा नमुना नेला, त्यात साल्मोनेला हा जंतू निघाला. चिकन विकणाऱ्या वितरकानं दिलेलं बिल हातानं लिहिलेलं आहे. उरलेली पाकिटं पुरून टाकू का? लाइटचं सांगू का?

ताई, पुरू नका आणि कुणाच्या ताटातही जाऊ देऊ नका. फ्रीजरमध्येच वेगळी बांधून 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावा, अधिकाऱ्यांना लेखी कळवा. आज पुरलीत तर पुरावा लपवल्याचा ठपका येईल. पाकिटांच्या तळाशी लालसर बर्फाची लादी दिसते का? दिसली तर फोटो काढा. माल वितळून पुन्हा गोठल्याची ती खूण आहे.

लाइटचं खरंच सांगा. गोठवल्यानं साल्मोनेला मरतोच असं नाही, निपचित पडतो. मांस वितळून ऊब लागली की वाढतो. पण धड बंद पाकिटात तो लाइट गेल्यामुळे शिरत नाही. तो आधीपासूनच आत होता, हा तुमचा मुद्दा खरं बोलूनच टिकेल.

बिलाची काळजी नको. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 26 नुसार वितरकाचं बिल किंवा कॅश मेमो हीच मालाची हमी धरली जाते. त्यावर त्याचं नाव, तारीख, माल स्पष्ट हवा. ऑर्डरचे मेसेज, पैसे दिल्याची नोंदही जोडा.

तरी शिजवून वाढणाऱ्याची जबाबदारी उरतेच. रटरटलेल्या रश्श्यात हा जंतू तगत नाही, मग चौघं आजारी कशानं पडले? वितळलेल्या चिकनचं पाणी ओट्यावर कुठवर गेलं? त्याच विळीवर कोशिंबिरीचा कांदा चिरला होता का? कोर्टात हे विचारलं जाणारच. कलम 80 चा बचाव पुरेशी खबरदारी घेणाऱ्यालाच मिळतो, म्हणून आधी स्वतःशी खरं उत्तर शोधा. गुन्हा शाबीत झाला तर, इजा गंभीर नसली तरी, कलम 59 खाली 1 वर्षापर्यंत कैद आणि 3 लाखांपर्यंत दंड आहे, भरपाई वेगळी.

पाहुण्यांना आजच फोन करून प्रकृती विचारा. माणुसकीनं विचारपूस केली म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही.

नमुन्याच्या तपासणीचा अहवाल मान्य नसेल तर कलम 46(4) खाली पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. मुदत 30 दिवसांची, अहवाल हातात पडल्यापासून. ती तारीख अहवालाच्या लिफाफ्यावर लिहिलेली असेल, तर लिफाफाही जपून ठेवा आणि तारीख मला लगेच कळवा.