खरी गोष्ट सांगितली, तर ती चुगली कशी?

यवतमाळकडच्या एका ताईंनी विचारलं आहे : "आमचे पाळकसाहेब उपदेशात 'चहाडी' म्हणतात, घरी आम्ही 'चुगली' म्हणतो, 'निंदा' हा शब्दही कानावर येतो. तिन्ही एकच का? आणि सांगितलेली गोष्ट खरी असेल, तर ती चुगली कशी?"

दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

बायबलमधल्या दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, असं आहे. तिथं मुद्दा खोटेपणाचा. बायबलच्याच लेवीय या पुस्तकात (१९:१६) मात्र आपल्या लोकांत चहाड्या करत हिंडू नको, असं निराळं सांगितलंय आणि त्यात खऱ्याखोट्याचा विषयच नाही. तिथला हिब्रू शब्द 'राखील'. ज्या धातूशी त्याचं नातं सांगतात, त्याच धातूपासून फिरत्या व्यापाऱ्याचा शब्द झालाय. गठुडं घेऊन दारोदार हिंडणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. चुगली म्हणजे हे नेणं-आणणं, एका दारचं दुसऱ्या दारी पोचवणं. माल अस्सल असला म्हणून नेणं थांबत नाही.

निंदा तोंडावरही होते. म्हणून तर 'निंदकाचे घर असावे शेजारी' ही म्हण झाली. चुगलखोराचं घर शेजारी असावं, असं कुणी म्हटलेलं नाही, कारण त्याचं बोलणं आपल्यापर्यंत येतच नाही, आपल्याला वळसा घालून जातं. चहाडी आणि चुगली यांच्या अर्थात मला फरक दिसत नाही. चुगली फारसीकडून आली आणि बोलण्यात मुरली, चहाडी आता पुस्तकात उरली. गावातल्या उपदेशात सरळ 'चुगली' म्हणावं, असं माझं मत. ऐकणाऱ्याला ती लागते.

'चुगलखोर'मधला 'खोर'ही फारसीच, अर्थ खाणारा. लाचखोर लाच खातो, तसा हा चुगली खातो. नीतिसूत्रे १८:८ मध्ये हेच चित्र आहे : कानाशी लागणाऱ्याचे शब्द चवदार घासासारखे असतात, थेट पोटात उतरतात. पण तिथं घास गिळणारा ऐकणारा आहे! मला हे वचन फार टोचतं, कारण मी सांगत नसलो तरी ऐकत बसलेलो असतो.

आमच्या आजीच्या अंगणात घरप्रार्थना व्हायची. भिंतीला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, पेंढ्या रचलेल्या, समोर चटईवर बाया. एकदा एकीनं आवाज खाली केला : "प्रार्थनेसाठी म्हणून तुमाले सांगतो वं माय, कोणाले सांगजा नोका..." आणि शेजारच्या पोरीचं नाव घेतलं. आजीनं तिला तिथंच थांबवलं. "तिच्या तोंडावर सांगशीन का? मंग चाल, दोघी जाऊ तिच्या घरी." बाई गप्प झाली. आजीला मत्तय १८:१५ तोंडपाठ होतं की नाही, मला माहीत नाही. तुझ्या भावानं अपराध केला, तर तू आणि तो दोघंच असताना त्याला सांग, असं तिथं येशू म्हणतो. तिचा प्रश्न मात्र नेमका तोच होता. माझ्या मते चुगली ओळखायची कसोटी हीच : जिची गोष्ट आहे, तिच्यासमोर ती याच शब्दांत सांगता येईल का?

त्या पेंढ्यांकडे पाहिलं की नीतिसूत्रे २६:२० आठवतं : सरपण संपलं की विस्तव विझतो, कानाशी लागणारा नसला की तंटा मिटतो. आपल्याकडेही 'काडी लावणे' म्हणतातच. पऱ्हाटीवर चूल पेटवलेल्या माणसाला हे वचन समजावून सांगावं लागत नाही.

आता चांगल्या बोलण्याबद्दल. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात (४:२९) वाईट बोलण्यासाठी प्रेषित पौलानं वापरलेला ग्रीक शब्द 'साप्रोस' म्हणजे सडका. मत्तयात जाळ्यातले फेकून द्यायचे मासे याच शब्दानं सांगितलेत. त्याच्या उलट बोलणं कसं असावं, यासाठी 'गोड' हा शब्द मला पुरेसा वाटत नाही, कारण गोड बोलणारा माणूस मराठीत संशयितच असतो. पौलाचा शब्द आहे 'ओइकोदोमे', घर बांधणं. मराठी भाषांतरात त्याचं 'उन्नती' झालं आणि त्यातली विटामाती गेली. चुगलीनं घर फुटतं, असं आपण रोज म्हणतो, त्याच्यासमोर हा शब्द किती चपखल बसतो पाहा. ताई, घरसभेत हे वचन वाचाल तेव्हा 'उन्नती' वाचून झाल्यावर 'म्हणजे घर बांधणं' एवढं जोडून सांगा.