गाइडची कन्सल्टन्सी आणि मुलीचं संशोधन

प्रश्न : मी लोटे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज आहे. मुलगी यंदा बी.एस्सी. (रसायनशास्त्र) झाली. एम.एस्सी. आणि पुढे पीएच.डी. करायचं म्हणते. एक जागा पुण्याजवळच्या खासगी विद्यापीठात मिळतेय. ‘शिक्षण, संशोधन, उद्योग एकाच छताखाली’ आणि ‘४०० पेटंट’ असं माहितीपत्रकात छापलंय, पण कर्ज काढावं लागेल. दुसरी जागा जुन्या सरकारी संस्थेत आहे. तिथे फी कमी, पण माझे मेव्हणे म्हणतात की तिथले सर लोक कंपन्यांच्या कन्सल्टन्सीत अडकलेले असतात आणि मुलांकडून धंद्याची कामं करून घेतात. मुलीला कुठे घालावं?
– एक पालक, चिपळूण

उत्तर : मेव्हण्यांची भीती अगदीच पोकळ नाही, पण प्राध्यापक कंपन्यांकडे जातात एवढ्यावरून त्या संस्थेवर काट मारू नका. रसायनाच्या क्षेत्रात ही जमेची बाजू असते. बघायचं ते हे, की त्या कामातलं मुलांपर्यंत काय पोचतं आणि मुलांनी केलेल्या कामावर हक्क कोणाचा राहतो.

आपल्याकडे शिकवणं, संशोधन आणि उद्योग यांचे संसार सुरुवातीपासूनच वेगळे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर : शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची. पुढे संशोधनासाठी सीएसआयआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या, स्वतंत्र प्रयोगशाळा झाल्या. पुण्याची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५० ची. माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे आजची रासायनिक तंत्रज्ञान संस्था (आयसीटी), हा ठळक अपवाद. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली आणि पहिल्यापासून तिचं कारखान्यांशी नातं राहिलं. तिथले प्रा. एम. एम. शर्मा उद्योगांना सल्ला देत आणि त्याच काळात वायू-द्रव अभिक्रियांवर मूलभूत कामही करत. १९९० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. ‘डॉ. रेड्डीज’ काढणारे अंजी रेड्डी यूडीसीटीत शिकले आणि पीएच.डी. त्यांनी एनसीएलमध्ये केली.

तुम्हाला हे समजावून सांगायला नको. फ्लास्कमध्ये गुपचूप होणारी रिअ‍ॅक्शन पाच हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये घेतली की तापमान चढतं आणि जॅकेटचं, म्हणजे भांड्याभोवतीच्या आवरणाचं, कूलिंग पुरत नाही. हे ज्याने प्लांटवर उभं राहून पाहिलंय, त्याचं हीट ट्रान्सफरचं लेक्चर नुसत्या पुस्तकातून आलेलं नसतं.

आता ते ४०० पेटंट. अर्ज दाखल होणं, अर्ज प्रसिद्ध होणं आणि पेटंट मंजूर होणं या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. दाखल झालेला अर्ज एरवी १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. त्यात दम आहे का, हे तोवर कुणी तपासलेलं असेलच असं नाही. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे, ऑनलाइन अर्ज १६०० रुपयांत होतो. शिवाय एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या, क्रमवारीत प्रसिद्ध झालेले अर्जही जमेस धरतात. मग अर्जांचा पाऊस पडणारच! त्यांना एवढंच विचारा : मंजूर किती, आणि त्यातली किती कोणत्या कंपनीने पैसे मोजून घेतली? मला अजून बहुतेक ठिकाणी या दुसऱ्या प्रश्नावर चहा मिळालाय, आकडा नाही.

उद्योगांशी नातं किती, याचा आकडा मात्र तुम्हाला घरबसल्या बघता येईल. एनआयआरएफच्या संकेतस्थळावर क्रमवारीतल्या संस्थांनी भरलेली माहिती पीडीएफमध्ये असते. त्यात बाहेरून निधी मिळालेलं संशोधन आणि कन्सल्टन्सी यांचे वेगवेगळे तक्ते असतात : प्रकल्प किती, किती संस्थांनी दिले, रक्कम किती. तीन वर्षांची ओळ आडवी वाचा. ‘उद्योग एकाच छताखाली’ म्हणणाऱ्यांची कन्सल्टन्सी काही लाखांतच असेल, तर छप्पर तेवढं खरं. पीएच.डी. किती जणांची पूर्ण झाली, तेही तिथेच सापडेल.

मेव्हण्यांच्या मुद्द्याला खरं वजन येतं ते पीएच.डी.च्या वेळी. गाइडची, म्हणजे पीएच.डी.ला मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकाची, स्वतःची कंपनी आहे आणि मुलीचा विषय त्याच कंपनीच्या उत्पादनावर आहे, असं असेल तर सावध व्हा. गाइडला कंपनी काढायला आज मुभा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणाने प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघांनाही ती दिली. त्याच धोरणात असंही आहे की संस्थेची साधनं बऱ्यापैकी वापरून किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जे निर्माण होईल, त्याची मालकी संशोधक आणि संस्था यांची संयुक्त असावी. अमेरिकेत गूगलच्या मूळ शोधपद्धतीचं पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मालकीचं होतं, पण संशोधक म्हणून नाव तेव्हा विद्यार्थी असलेल्या लॅरी पेजचं लागलं. परवान्याच्या बदल्यात मिळालेले शेअर विकून विद्यापीठाला सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळाले. इतकं घबाड क्वचित कुणाला लागतं, पण नाव कुणाचं आणि मालकी कुणाची हे आधी ठरलेलं असलं की भांडण टळतं.

प्रकल्प कंपनीच्या पैशावर असेल तर कराराबद्दल मुलीने बेधडक विचारावं. पेटंटचा अर्ज जाण्याआधी पेपर छापला तर पेटंट हातचं जाऊ शकतं, म्हणून काही महिने थांबायला सांगणं रास्त आहे. कंपनी म्हणेल तोवर पेपर नाही आणि प्रबंधही नाही, ही अट मात्र तिने मान्य करू नये.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासूनच तिने सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेचा अभ्यास धरावा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये तिच्या स्वतःच्या नावावर येतील. गाइडच्या प्रोजेक्टच्या पैशावर अवलंबून नसलेल्या विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणणं सोपं जातं, गाइड निवडणंही.

तुमच्या पत्रावरून मी सरकारी संस्थेकडेच झुकेन, एम.एस्सी.साठी कर्ज काढण्याइतकं त्या माहितीपत्रकात मला काही दिसलं नाही. जायच्या आधी मुलीने तिथल्या पीएच.डी.च्या चौथ्या-पाचव्या वर्षातल्या मुलामुलींशी, सर आसपास नसताना, बोलून घ्यावं. सर आठवड्यातून किती वेळा भेटतात आणि कंपनीचं काम कोण करतं, ते कँटीनमध्ये अर्ध्या तासात कळतं. दरम्यान जागा अडवायला खासगी विद्यापीठात पैसे भरावे लागलेच, तर पावती घ्या आणि तिची मूळ प्रमाणपत्रं तिथे ठेवू नका. यूजीसीच्या नियमानुसार संस्थेला ती ठेवून घेता येत नाहीत. पडताळणी करून लगेच परत द्यावी लागतात.