इन्व्होक लावूनही फॉर्म बंद करताना हँग होतो, कारण आणि उपाय

तुमचा प्रश्न मला असा समजला: विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटची विंडोजचे फॉर्म बनवायची लायब्ररी) फाइली वाचायचं काम वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामाची धार) टाकलं, तिथून लेबल बदलताना क्रॉस-थ्रेडचं एक्सेप्शन (भलत्या थ्रेडने कंट्रोलला हात लावल्याची एरर) आलं, म्हणून जिथे-तिथे इन्व्होक (ते काम स्क्रीनच्या थ्रेडकडून करून घेणारा कॉल) लावलं. आता फॉर्मक्लोजिंगमध्ये (फॉर्म बंद होताना येणारा इव्हेंट) थ्रेड.जॉइन (तो थ्रेड संपेपर्यंत थांबणं) केलं की ॲप्लिकेशन हँग होतं. त्यापेक्षा चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स ही तपासणीच फॉल्स करून मोकळं व्हावं का, असंही विचारलंय.

ते करू नका. त्याने चूक जात नाही, फक्त तिची ओरड बंद होते. विंडोजमध्ये प्रत्येक विंडो ती तयार करणाऱ्या थ्रेडच्या मालकीची असते, तिचे मेसेज त्याच थ्रेडच्या रांगेत येतात, आणि कंट्रोल्स दोन थ्रेडनी एकदम हाताळावेत अशी मुळात रचनाच नाही. दोघांनी हात घातला की कधी ग्रिड अर्धवट रंगतो, कधी भलत्याच ओळीवर क्रॅश होतो. शिवाय ही तपासणी एरवी डिबगर जोडलेला असतानाच चालू असते, त्यामुळे ‘रिलीजमध्ये तर काही येत नाही’ हा पुरावा धरू नका.

आता हँगचं. इन्व्होक हा थांबून राहणारा कॉल आहे. यूआय थ्रेड (स्क्रीन सांभाळणारा मुख्य थ्रेड) ते काम उरकेपर्यंत कामाचा थ्रेड तिथेच उभा. इकडे यूआय थ्रेड जॉइनवर त्याच कामाच्या थ्रेडची वाट बघत बसलाय. डेडलॉक झाला! जॉइनऐवजी टास्कवर (मागे चालणाऱ्या कामाचा ऑब्जेक्ट) .रिझल्ट किंवा .वेट लिहिलंत तरी हेच होणार.

बिगिनइन्व्होक थांबत नाही, त्यामुळे ही गाठ सुटते, पण प्रत्येक फाइलमागे एक कॉल कराल तर वेगळंच दुखणं सुरू होईल. विंडोज आधी पोस्ट केलेले मेसेज देतं, मग माउस-कीबोर्ड, आणि पेंट त्यानंतर. तुमच्या मेसेजांचा लोंढा थांबेना की क्लिकही लागत नाही आणि स्क्रीनही रंगत नाही. गंमत म्हणजे, स्क्रीन गोठू नये म्हणूनच तर थ्रेड वेगळा केला होता. प्रोग्रेस सेकंदाला दहाएक वेळा दाखवला तरी पुष्कळ. डोळ्याला त्याहून जास्त लागत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर थ्रेड आणि इन्व्होक दोन्ही काढले असते. डॉटनेट 4.5 पासून, म्हणजे 2012 पासून, असिंक-अवेट (थ्रेड न अडवता काम संपायची वाट बघायची सोय) आणि प्रगती कळवणारा प्रोग्रेस<टी> हाताशी आहेत. बटणाचा हँडलर असिंक करा, प्रोग्रेसचा ऑब्जेक्ट त्या हँडलरमध्येच बनवा (तो ज्या थ्रेडवर बनतो तिथला सिंक्रोनायझेशनकॉन्टेक्स्ट, म्हणजे काम कुठल्या थ्रेडवर परत न्यायचं याची माहिती, पकडतो, म्हणून जागा महत्त्वाची), फाइलींचं काम टास्क.रनमध्ये टाका आणि अवेट करा. अवेटच्या पुढच्या ओळी आपोआप यूआय थ्रेडवर परत येतात, लेबल तिथे बिनधास्त बदला. त्या अवेटला कॉन्फिगरअवेट(फॉल्स) मात्र लावू नका, त्याने हे परत येणंच बंद होतं. आणि लोंढ्याचा नियम इथेही लागू आहे: प्रोग्रेससुद्धा प्रत्येक रिपोर्टला रांगेत मेसेजच टाकतो.

फॉर्म बंद करताना: काम चालू असेल तर फॉर्मक्लोजिंगमध्ये ई.कॅन्सल ट्रू करून बंद होणं रोखा, कॅन्सलेशन टोकन (कामाला ‘थांब’ सांगणारी खूण) रद्द करा, ‘बंद करायचंय’ अशी खूण ठेवा आणि हँडलरमधून बाहेर पडा. थांबू नका. कामाच्या लूपमध्ये दर फाइलीनंतर टोकन तपासा. अवेट सुटल्यावर, फायनली ब्लॉकमध्ये (एरर आली तरी चालतोच तो भाग), आधी ‘काम चालू’ ही खूण काढा आणि मग बंद करायची खूण असेल तर क्लोज() बोलवा. हा क्रम उलटा झाला तर फॉर्म स्वतःलाच अडवत राहील.

जुना कोड ठेवायचाच असेल तर एक लक्षात असू द्या: कंट्रोलचं हँडल (विंडोजने दिलेली ओळख) अजून तयार झालं नसेल, तर इन्व्होकरिक्वायर्ड (इन्व्होक लागेल का ते सांगणारी प्रॉपर्टी) चुकीच्या थ्रेडवरही फॉल्स देऊ शकतं. म्हणून कन्स्ट्रक्टरमधून थ्रेड सुरू करू नका, शोन इव्हेंटपर्यंत, म्हणजे फॉर्म पहिल्यांदा दिसेपर्यंत, थांबा.

ॲप्लिकेशन.डूइव्हेंट्सचा (कामाच्या मध्येच रांगेतले मेसेज उरकून घेणारा कॉल) सल्लाही कुणी ना कुणी देईलच. तो घेतलात तर काम अर्ध्यावर असताना युजर तेच बटण पुन्हा दाबेल आणि तोच हँडलर स्वतःच्या आतून दुसऱ्यांदा सुरू होईल.