उमराहला जाताना मर्सची भीती किती बाळगावी?

भाऊ, तुम्ही विचारलंय की भुसावळहून आई-वडील उमराहला (सौदी अरेबियातल्या मक्केच्या यात्रेला) निघालेत, वडिलांना शुगर आहे, आणि मर्स (तिकडे उंटांकडून माणसांत येणारा, कोविडसारखाच कोरोना विषाणूचा श्वसनाचा आजार) कोविडपेक्षा घातक आहे का.

नोंदलेल्या रुग्णांपुरतं बोलायचं तर हो, कितीतरी घातक. २००२-०३ च्या सार्समध्ये (हाही कोरोना विषाणूचाच आजार) ८,०९६ रुग्णांपैकी ७७४ दगावले, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. २०१२ पासून दिसलेल्या मर्समध्ये शंभरातले सुमारे ३५. कोविडमध्ये लस येण्याआधीही सगळे संसर्ग धरले तर साधारण एक टक्का किंवा कमीच. तरी माणसं सर्वात जास्त कोविडनेच नेली, कारण तो लक्षणं दिसण्याआधीच पसरतो.

मृत्युदर वाचताना एक मात्र बघाच: भागाकार कशाने केलाय? २०२० च्या जूनमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्याचा दर देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर होता. विषाणू तोच होता. पण लोक दवाखान्यात उशिरा पोचले आणि सौम्य रुग्ण मोजणीत आले नाहीत, की दर फुगतो. मर्सच्या ३५ टक्क्यांतही हा भाग आहेच.

तिन्ही आजारांत धोका वाढवणाऱ्या गोष्टी जवळपास सारख्या: वय, मधुमेह, हृदयविकार, किडनीचे आजार. म्हणून वडिलांना जपा. तिकडे उंटाजवळ जाऊ देऊ नका, उंटिणीचं कच्चं दूध अजिबात नको. परतल्यावर १४ दिवसांत ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना प्रवासाचं आधी सांगा.