डॉक्टर म्हणाले बाबांच्या स्नायूंत ‘सूज’ आहे, म्हणून शुगर वाढते. पण हातपाय तर सुजलेले नाहीत?

ही डोळ्यांना दिसणारी सूज नव्हे. पोटाची चरबी वाढली की टीएनएफ-अल्फासारखी दाह घडवणारी रसायनं रक्तात झिरपतात; डॉक्टर त्यालाच सूज म्हणतात. स्नायूच्या पेशीत ती जेएनके हे एन्झाइम जागं करतात आणि ते इन्सुलिनचा निरोप पुढे नेणाऱ्या आयआरएस-१ या प्रथिनावर भलत्याच जागी फॉस्फेट चिकटवतं. मग इन्सुलिन असूनही त्याचा निरोप आत पोचत नाही, साखर आत घेणारं ग्लुट-४ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येत नाही, साखर रक्तातच राहते. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांत टीएनएफ अडवल्यावर इन्सुलिनचं काम सुधारलं. माणसांत तेवढं जमलं नाही. म्हणजे सगळं खापर सुजेवर नको.

आकुंचन पावणारा स्नायू मात्र इन्सुलिनशिवायही साखर ओढतो. तेव्हा तर्री-पोहे झाले की बाबांना फुटाळा तलावावर चक्कर मारायला न्या. पायी, गाडीवर नाही! गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.