टीईटीसाठी अभिसंधान, प्रबलन आणि शिक्षा यांतला घोळ कसा मिटवायचा?

मॅडम, तुम्ही लिहिलंय की सतरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताय, १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यावी लागणार, आणि बालमानसशास्त्र उघडलं की अभिजात अभिसंधान, साधक अभिसंधान, धन प्रबलन, ऋण प्रबलन, शिक्षा हे सगळं एकमेकांत मिसळतं. (अभिसंधान म्हणजे अनुभवातून दोन गोष्टींची जोडणी होऊन शिकणं.) दोन महिन्यांत कोणतं पुस्तक वाचू, असं विचारलंय. पुस्तकाचं नंतर बघू. तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ आहे, तिच्यामुळे मी लिहायला बसले: ‘ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच ना?’

नाही. अजिबात नाही. आणि हे कुणी तुम्हाला क्लासमध्ये सांगितलं असेल तर त्यांनी चुकीचं सांगितलंय.

१९८९ साली मी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. मानसशास्त्राच्या तासाला सरांनी लिहून दिलं, ‘ऋण प्रबलन: छडी मारणे, रागावणे, वर्गाबाहेर उभे करणे.’ मी ग्रंथालयातल्या पुस्तकात आदल्याच आठवड्यात वाचलं होतं की प्रबलन धन असो की ऋण, त्याने वर्तन वाढतंच. मी उठून तसं म्हटलं. सर म्हणाले, ‘बसा खाली, जास्त शहाणपणा नको.’ चाचणीत एका मार्काला हाच प्रश्न आला, मी माझंच उत्तर लिहिलं आणि त्यावर लाल शाईची फुली आली. मार्क एकच होता. पण त्या वर्गातल्या चाळीस जणांनी ती व्याख्या वहीत उतरवून घेतली आणि पुढे शाळाशाळांत छडी उचलताना आपण काहीतरी शास्त्रोक्त करतोय असं समजून उचलली. मला ते अजून खुपतं.

आता माझ्या वर्गातला एक मुलगा सांगते, त्याच्यात तुमचे सगळे शब्द येतील.

२०१२ चा पावसाळा. माझ्याकडे तिसरीचा वर्ग. परिपाठ झाला की मी पाढे घ्यायचे. हा मुलगा पाढे सुरू झाले की पोट धरून उभा राहायचा, ‘बाई, पोटात कळ येतीय.’ चेहरा खरंच पांढरा पडलेला असायचा. मी त्याला स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायला पाठवायचे. तिथे खिचडी शिजवणाऱ्या मावशी त्याला मटकी निवडायला द्यायच्या. अर्ध्या तासात कळ थांबायची आणि दुपारी हाच मुलगा दोनदा खिचडी वाढून घ्यायचा. मुख्याध्यापक म्हणाले, ‘ढोंग आहे, वर्गाबाहेर उभा करा दोन दिवस, सरळ होईल.’

मी टाचणवहीच्या मागच्या पानावर तारखा लिहायला लागले. अकरा दिवसांत नऊ दिवस पोट दुखलं. उरलेल्या दोन दिवसांपैकी एक शनिवार होता, सकाळची शाळा, पाढे घेतलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख आले होते, परिपाठ लांबला, पाढे राहिले. तारखा लिहिताना आणखी एक दिसलं. ‘सात एके सात’ ऐकू आलं की आधी त्याचे दोन्ही हात पाठीमागे जायचे, पोटाची तक्रार त्यानंतर यायची. मी फळ्यावर रेघ ओढायला लाकडी पट्टी उचलली तरी हात मागे. पट्टीच काय, लाकडी कोनमापक उचलला तरी मागे.

आईला बोलावलं. तिने सांगितलं की मामा रोज रात्री पाढे म्हणून घेतो आणि चुकलं की पट्टीने बोटांच्या पेरांवर मारतो.

इथे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह बघा, अभिजात अभिसंधान त्याचं. पेरांवर पट्टी बसली की दुखणार, भीती वाटणार, हे कुणी शिकवावं लागत नाही. पट्टीचा मार हा अनभिसंधित उद्दीपक आणि भीती ही त्याची अनभिसंधित प्रतिक्रिया. पाढ्याचे शब्द मुळात निरुपद्रवी. पण ते रोज माराच्या अगोदर येत राहिले, म्हणून नुसत्या शब्दांनीच भीती यायला लागली. पाढा झाला अभिसंधित उद्दीपक आणि पाढ्याने येणारी भीती ही अभिसंधित प्रतिक्रिया. पट्टीऐवजी कोनमापकालाही तो घाबरला, ते सामान्यीकरण. हे सगळं अभिजात अभिसंधान, आणि यात मुलगा स्वतःहून काही करत नाही, त्याच्या बाबतीत ते घडतं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची लाळही अशीच होती, खाण्याच्या अगोदर रोज येणाऱ्या खुणेनेच सुटायला लागलेली. पाव्हलॉव्ह पचनाचा अभ्यास करत होता, १९०४ चं नोबेल त्याला पचनसंस्थेवरच्या कामासाठीच मिळालं, अभिसंधानासाठी नव्हे. पर्यायांत हे फिरवून विचारतात, लक्षात ठेवा. त्याच वर्षी साधक अभिसंधान मांडणारा स्किनर जन्मला, म्हणजे एकच साल दोघांना पुरतं.

आता दुसरा भाग. पोट दुखतंय असं त्याने सांगितलं, आणि लगेच काय झालं? पाढे टळले. नको असलेली गोष्ट दूर झाली. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सांगितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तक्रार करण्याचं वर्तन वाढत गेलं. हे ऋण प्रबलन आहे आणि ते मी करत होते, रोज, प्रेमाने, पाठीवर हात फिरवून. वर पायरीवर मटकी निवडायला मिळायची, मावशींच्या गप्पा मिळायच्या, ते धन प्रबलन. स्किनरचं साधक अभिसंधान ते हेच. मूल काहीतरी करतं आणि त्याच्या परिणामावर पुढे ते करणं वाढतं किंवा घटतं.

आणि मुख्याध्यापकांची शिक्षा? वर्गाबाहेर उभं केलं असतं तरी पाढे टळलेच असते. त्यांनी तिला शिक्षा म्हटलं असतं आणि मुलाची तक्रार आणखी पक्की झाली असती. शिक्षा आहे की प्रबलन, हे देणारा काय समजतो त्यावर ठरत नाही. नंतर ते वर्तन वाढलं की कमी झालं, एवढ्यावरच ठरतं. सर, १९८९ च्या वर्गात मला एवढंच म्हणायचं होतं.

म्हणून परीक्षेत कोणतंही उदाहरण आलं की दोनच प्रश्न विचारा. वर्तन वाढलं की घटलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. मग, काही दिलं की काढून घेतलं? दिलं तर धन, काढलं तर ऋण. धन-ऋण हे गणितातलं अधिक-उणे आहे, चांगलं-वाईट नव्हे. डोकं दुखतंय, बाम लावला, दुखणं थांबलं, पुढच्या वेळी हात आपोआप बामाच्या डबीकडे जातो. दुखणं निघून गेलं आणि बाम लावणं वाढलं, म्हणजे ऋण प्रबलन. गोंधळ घातला म्हणून खेळाचा तास काढून घेतला आणि गोंधळ कमी झाला, तर ती ऋण शिक्षा. छडी मारली आणि गोंधळ कमी झाला, तर धन शिक्षा. ‘धन शिक्षा’ हा शब्द कानाला विचित्र लागतो, पण पर्यायात दिसला तर बिचकू नका. पुस्तकागणिक शब्दही बदलतात, कुठे धन-ऋण, कुठे सकारात्मक-नकारात्मक. अर्थ एकच.

त्या मुलाचं पुढे काय केलं ते सांगते, कारण तेही अभ्यासक्रमातच आहे. आधी मामाला शाळेत बोलावून पट्टी बंद करायला लावली. त्यासाठी तीन चकरा माराव्या लागल्या. मग मी पाढे वर्गात घ्यायचं थांबवून त्या मुलाजवळ पायरीवर जाऊन बसले. मटकीचे सात-सात दाण्यांचे ढीग करायचे. एक ढीग सात, दोन ढीग चौदा. पाढा हा शब्दच काढला नाही. मावशीही मोजायला लागल्या. काही दिवसांनी ताटली घेऊन आम्ही वर्गाच्या दारात आलो, मग शेवटच्या रांगेत. ‘सात त्रिक एकवीस’ हे त्याने पहिल्यांदा स्वतःहून म्हटलं तेव्हा त्याचे दोन्ही हात समोर ताटलीत होते.

मला तेव्हा माहीत नव्हतं, पण हे काम १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी करून ठेवलेलं आहे. पीटर नावाचा लहान मुलगा सशाला घाबरायचा. त्याला आवडीचं खायला देत देत त्या ससा थोडा थोडा जवळ आणत गेल्या. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये अल्बर्ट नावाच्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती घातली, ते प्रत्येक गाईडमध्ये सापडतं. भीती काढणाऱ्या बाईंचं नाव मात्र निम्म्या गाईडांत नसतं. माझ्या मते आपल्यासारख्या शिक्षकांना दुसरं नाव जास्त कामाचं आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी पाढे सुरू झाले आणि त्याचे हात पुन्हा मागे गेले. माझ्या पोटात गोळा आला, वाटलं सगळं वाया गेलं. चार दिवसांत गेलं ते. याला उत्स्फूर्त पुनःप्राप्ती म्हणतात. विलोपन झालेली, म्हणजे विरून गेलेली प्रतिक्रिया मध्ये खंड पडल्यावर पुन्हा डोकं वर काढते, पण आधीपेक्षा दुबळी असते. ही संज्ञा मी डी.एड.ला पाठ केली होती, कळली त्या दिवशी.

एकाच मुलात भीती पाव्हलॉव्हच्या वाटेने आली आणि टाळाटाळ स्किनरच्या वाटेने टिकली. मावरर या मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये नेमकं हेच दोन पायऱ्यांत मांडलं. टीईटीला ते विचारणार नाहीत, पण डोक्यात असलं की दोन अभिसंधानं एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून सांगते, व्याख्या पाठ करत बसू नका. सतरा वर्षांत तुमच्या वर्गात अशी पन्नास मुलं येऊन गेली असतील. एकेक संज्ञा घ्या आणि तिच्यासमोर एका मुलाचं नाव लिहा.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या राहिल्या. मूल पोट दुखतंय म्हणालं की आधी दवाखाना. मी तेव्हा त्याच्या आईला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं होतं, तिथे जंताची गोळी दिली आणि बाकी काही नाही म्हणून सांगितलं, त्यानंतरच मी तारखा मांडायला लागले. आणि सरांच्या बाजूनेही एक आहे, ते न सांगणं बरोबर होणार नाही. खुद्द स्किनरने १९३८ च्या पुस्तकात ऋण प्रबलन हा शब्द आज आपण ज्याला शिक्षा म्हणतो त्या अर्थाकडे झुकवून वापरला होता. १९५३ पर्यंत त्याने तो बदलला आणि आजचा अर्थ पक्का झाला. जुन्या पुस्तकांतून तो घोळ झिरपत आला असणं शक्य आहे. पण १९५३ नंतर १९८९ पर्यंत छत्तीस वर्षं होती. आता तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी आहे, म्हणजे छडीला कुठल्याच शास्त्राचा आधार शोधायचं कारण उरलेलं नाही.

पुस्तकाबद्दल: डी.एड.चं जुनं पुस्तक घरात असेल तर तेच काढा, सोबत मागच्या प्रश्नपत्रिका सोडवा. जाड गाईड घेऊ नका. दीडशे प्रश्नांत बालमानसशास्त्राचे तीस, आणि त्यात अभिसंधानाचे थोडेच असतात. पियाजे, व्हिगॉट्स्की, कोहलबर्ग, गार्डनर यांना जास्त वेळ द्या. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. माझी सेवा तीन वर्षं उरलीय, त्यामुळे मला परीक्षेतून सूट आहे, पण आमच्या केंद्रातल्या सहा जणी देणार आहेत आणि त्यांनाही मी हेच सांगितलंय.

ऋण प्रबलनाचा प्रश्न आला तर वर्तन वाढवणारा पर्यायच निवडा, क्लासचे सर काहीही म्हणोत. अंतरिम उत्तरसूचीत तो चुकीचा दाखवला तर मुदतीत आक्षेप नोंदवा, पुस्तकातलं पान जोडा. १९८९ मध्ये माझ्याकडे पान होतं, आक्षेप घ्यायला जागा नव्हती.

पियाजेच्या अवस्थांत अडलात तर वेगळा प्रश्न टाका, त्यावर माझ्याकडे पहिलीच्या वर्गातलं बरंच आहे.